घरगुती मसाले-पापडाच्या उद्योगात मन टिकवायचं कसं, लक्ष राखायचं कसं

घरून मसाले, पापड, भाजण्या, चटण्या करून विकणाऱ्या बायकांशी माझं रोजचं बोलणं असतं. साताऱ्यात मी स्वतः हेच काम करते. पहिला उन्हाळा सगळ्यांचाच जोरात जातो. ओळखीचे लोक कौतुकाने माल नेतात, अंगणात पापड वाळत असतात, हातात रोज थोडी रोकड येते. मग दुसऱ्या वर्षीच्या आषाढात कुणाचा तरी फोन येतो, "ताई, हल्ली कामाला हातच लागत नाही. सोडून द्यावं वाटतं."

अशा वेळी "जिद्द ठेव" असं सांगणं मला पटत नाही. जिद्द त्या बाईकडे असतेच, नाहीतर तिने घरच्यांना समजावून, दागिना मोडून किंवा गटातून कर्ज काढून धंदा उभाच केला नसता. माझं स्पष्ट मत असं, की मसाला भाजायचा, पापड लाटायचा कंटाळा फार थोड्यांना येतो. मन उडतं ते कामाभोवतीच्या गोष्टींमुळे. कष्ट दिसतात पण पैसा दिसत नाही. घर आणि धंदा एकमेकांत गुंततात. उधारी अडकते. पावसाळ्यात हात रिकामे राहतात. आणि "आज काय केलंस?" असं विचारणारं कुणी नसतं. यातली एकेक गोष्ट दुरुस्त करता येते, आणि ती दुरुस्त झाली की उत्साहासाठी वेगळं काही करावं लागत नाही. पुढे जे लिहिते आहे ते त्याच क्रमाने लिहिते, कारण मी स्वतः कुणालाही याच क्रमाने करायला सांगते.

आधी पंधरा दिवस फक्त लिहा

काहीही बदलण्याआधी एक दोनशे पानी वही घ्या. रोज रात्री भांडी आवरून झाली की तीन ओळी लिहायच्या. आज कोणतं काम पूर्ण झालं? कोणत्या क्षणी चिडचिड झाली किंवा सगळं टाकून द्यावंसं वाटलं? आज किती पैसे आले आणि किती गेले? एवढंच. लांबलचक लिहू नका, नाहीतर चौथ्या दिवशी वही कपाटात जाईल.

पंधरा दिवसांनी दुसरी ओळ तेवढी सलग वाचा. बहुतेकींना तिथे दोनच गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात. एकीच्या वहीत सतत "भाजायला घेतलं आणि फोन आला" असायचं. दुसरीच्या वहीत एकाच दुकानदाराचं नाव दर तीन दिवसांनी यायचं, कारण तो पैसे देत नव्हता. दोघीही मला "उत्साह संपलाय" असंच सांगत होत्या. प्रत्यक्षात एकीला फोनचा बंदोबस्त करायचा होता आणि दुसरीला एक गिऱ्हाईक सोडायचं होतं.

एका किलोचा खरा हिशेब

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे, म्हणून इथे थोडं थांबते. राबूनही हातात काही उरत नाही असं वाटत असेल, तर ते खरंच उरत नसण्याची शक्यता मोठी आहे. माणूस तोट्यात काम करत असला की मनाला ते आकड्यांच्या आधी कळतं. त्याला आपण आळस म्हणतो आणि स्वतःला बोल लावत बसतो.

कांदा-लसूण मसाल्याचं उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या गावचे भाव घालून तुम्ही पुन्हा मांडा. समजा तयार दहा किलो मसाला करायचा आहे. मिरची, धणे, खोबरं, तीळ, खडा मसाला, कांदा, लसूण, तेल, मीठ मिळून ४,२०० रुपये. कांडप ४०० रुपये. गॅस २०० रुपये. पाउच आणि लेबल ३०० रुपये. बाजाराच्या फेऱ्या, रिक्षा, एसटी मिळून २०० रुपये. बेरीज ५,३०० रुपये, म्हणजे किलोला ५३०.

बहुतेक जणी इथे थांबतात आणि ६५० रुपये भाव लावून किलोमागे १२० रुपये सुटले असं समजतात. आता स्वतःचे तास लिहा. मिरचीची डेखं काढणं, कांदा चिरून वाळवणं, प्रत्येक जिन्नस वेगवेगळा भाजणं, डंकावर थांबणं, चाळणं, पाकिटं भरणं, सील करणं. सगळे मिळून सोळा तास धरू. तासाला फक्त ६० रुपये मजुरी लावली तरी ९६० रुपये झाले, किलोला ९६. खरा खर्च ६२६ रुपयांवर गेला आणि ६५० रुपयांना विकून उरले २४.

हाच मसाला कोपऱ्यावरच्या दुकानदाराला २० टक्के कमिशनने दिला, तर हातात ५२० रुपये येतात. म्हणजे तुमची मजुरी बाजूलाच राहू द्या, माल आणि कांडपाचे ५३० रुपयेसुद्धा वसूल होत नाहीत. दुकानात खप जितका वाढेल तितका तोटा वाढेल, आणि तुम्ही मात्र "ऑर्डर वाढतेय, मग मला बरं का वाटत नाही?" या विचारात पडाल. भाव ७२० केला तर घरून विकताना किलोमागे ९४ रुपये उरतात. दुकानातून मात्र ५७६ रुपयेच येतात, त्यात तुमची निम्मी मजुरीही निघत नाही. म्हणजे अशा हिशेबात दुकानाचा मार्ग बंद करून घरून थेट विक्री वाढवणं हाच शहाणपणा ठरतो.

घटही मोजा. डेखं, बिया, कचरा, भाजताना जाणारा ओलावा, चाळणीवर राहिलेला भरड, डंकात चिकटून राहिलेलं पीठ: कच्चा माल जितका जातो तितका तयार माल परत येत नाही. एकदा आत जाणारं आणि बाहेर येणारं वजन काट्यावर करून लिहून ठेवलं की पुढच्या वेळी अंदाज चुकत नाही.

हिशेब झाल्यावर दोन गोष्टी लगेच करायच्या. धंद्याचं बँक खातं वेगळं ठेवा आणि गिऱ्हाइकांना त्याच खात्याचा क्यूआर द्या. घरातल्या गॅसबिलाचे, पोरांच्या फीचे पैसे त्यातून परस्पर काढायचे नाहीत. दुसरं म्हणजे महिन्याच्या ठरलेल्या तारखेला त्या खात्यातून स्वतःला पगार द्या. सुरुवातीला दोन हजार असला तरी चालेल, पण तो तुमच्या नावाच्या दुसऱ्या खात्यात जायला हवा. महिनाअखेर आपल्या नावावर जमा झालेली रक्कम दिसणं याची ताकद किती असते, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना विचारा. लिज्जत पापडच्या कामात जपलेली एक पद्धत याच जातीची आहे: मळलेलं पीठ घरी न्यायचं, दुसऱ्या दिवशी लाटलेले पापड आणून द्यायचे आणि त्याची वणाई, म्हणजे लाटण्याची मजुरी, रोखीने घेऊन जायचं. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन ते काम सुरू केलं होतं. कष्ट आणि मोबदला यांत फार दिवसांचं अंतर पडू द्यायचं नाही, हे त्यांच्या रचनेतच होतं.

घर आणि काम यांच्यात रेघ

घरून काम करणाऱ्या बाईची वेळ सगळ्यांना मोकळी वाटते. सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं, कुरिअर घ्यायचं, शेजारच्या वहिनींना कपभर साखर द्यायची. यातलं काही टाळता येत नाही आणि टाळूही नये. पण दिवसातले ठराविक तास घरात जाहीर करावे लागतात. जाहीर म्हणजे सगळ्यांना एकत्र बसवून, "सकाळी दहा ते एक मी कामावर असते, तेव्हा मला ऑफिसला गेलेली समजायचं," असं सांगायचं. पहिले दोन आठवडे कुणी पाळणार नाही. तुम्ही पाळा. नवऱ्याने एकच्या आधी काही विचारलं तर न रागावता "एकनंतर बघते" म्हणायचं. हळूहळू घर वळतं.

जागेचंही तसंच. वेगळी खोली प्रत्येकीकडे नसते, पण वेगळं कपाट, वेगळी पातेली, वेगळा काटा आणि कामाचा वेगळा ॲप्रन असू शकतो. ॲप्रन चढवला की काम सुरू, उतरवला की बंद. अन्नाच्या स्वच्छतेसाठी ते लागतंच, शिवाय घरातली लहान मुलंसुद्धा ती खूण ओळखायला लागतात.

मग फोन. भाजणीच्या कामात लक्ष ढळलं की नुकसान तिथल्या तिथे दिसतं: धणे करपले की सगळा मसाला कडवट होतो आणि तो दुरुस्त करायला काही उपाय नसतो. म्हणून भाजणीच्या दिवशी फोन दुसऱ्या खोलीत, आवाज बंद करून. गिऱ्हाईक तुटेल ही भीती असते, तिच्यावर साधा इलाज आहे. धंद्याचं सिमकार्ड वेगळं घ्या आणि त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस घाला. त्यात कामाच्या वेळा लिहिता येतात, तुम्ही नसताना आपोआप जाणारा निरोप लावता येतो, मालाची यादी फोटो आणि भावासकट ठेवता येते, आणि नेहमीची उत्तरं साठवून ठेवता येतात. निरोप असा ठेवा: "नमस्कार. सध्या मसाल्याचं काम चालू आहे. तुमचा निरोप दुपारी दीड वाजता आणि संध्याकाळी सहा वाजता पाहिला जाईल. यादी आणि भाव वर दिले आहेत." आणि खरोखर त्या दोनच वेळांना पाहा. वेळेवर उत्तर येतं हे कळलं की लोक वाट पाहतात.

एका दिवसात सगळी कामं करायचा हट्टही सोडा. सोमवारी बाजार, मंगळवारी निवडणं आणि वाळवण, बुधवारी भाजणं आणि कांडप, गुरुवारी पाकिटं, शुक्रवारी पोचवणं, शनिवारी हिशेब आणि वसुली: असं काहीतरी ठरवून टाका. वार तुमच्या गावच्या आठवडी बाजाराप्रमाणे आणि वीज जाण्याच्या वेळेप्रमाणे बदला. मुद्दा इतकाच, की सकाळी उठून "आज काय करू?" हा प्रश्न पडता कामा नये. तो प्रश्न पडला की अर्धी सकाळ जाते.

आणि सगळ्यात उपयोगी पडलेली सवय: उद्याचं पहिलं काम आज रात्री मांडून ठेवायचं. धणे निवडून पातेल्यात काढलेले, कढई शेगडीवर, झारा बाजूला, रिकामे डबे पुसून ओळीने. सकाळी विचार करायचा नाही, फक्त शेगडी पेटवायची. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९०च्या दशकात याच विषयाचा अभ्यास केला. "मी हे करणार" एवढंच ठरवणाऱ्यांपेक्षा "अमुक वेळी, अमुक ठिकाणी, अमुक झालं की मी हे करणार" असं ठरवणारी माणसं ते काम तडीस नेण्याची शक्यता बरीच जास्त असते, असं त्यांच्या मांडणीचं सार आहे. "पोरं शाळेत गेली, दार लावलं, की कढई तापत ठेवायची": तुमच्या वहीत हे वाक्य अशाच शब्दांत लिहा.

उधारी मनाला पोखरते

अडकलेले पाचशे रुपये हे मिळालेल्या दोन हजारांपेक्षा जास्त वेळ डोक्यात फिरतात. ओळखीत विकताना तर अधिकच, कारण मागायची लाज वाटते. ती लाज मला समजते, पण पैसे मागण्यात कमीपणा काहीच नाही. तुम्ही माल दिलाय, तिखट त्यांच्या आमटीत पडलंय.

घरगुती गिऱ्हाइकाला नियम एकच: माल हातात, पैसे हातात. दिवाळीच्या फराळाची किंवा लग्नाच्या रुखवताची ऑर्डर असेल तर निम्मी रक्कम आधी. हा नियम लेबलाच्या छपाईइतका पक्का असू द्या आणि जावेपासून मैत्रिणीपर्यंत सगळ्यांना सारखा. जुनी उधारी असेल तर शनिवारच्या ठरलेल्या तासात निरोप पाठवा. शब्द मोजके आणि प्रेमळ: "वहिनी, नमस्कार. १२ तारखेला नेलेल्या दोन किलो मसाल्याचे १,४४० रुपये यायचे आहेत. क्यूआर सोबत पाठवते. पुढचा मसाला बुधवारी कांडायचा आहे, तुमचा धरू का?" तारीख, वजन, रक्कम आणि पुढचा प्रश्न. कारणं देऊ नका, "अडचण आहे म्हणून मागतेय" असं तर मुळीच लिहू नका.

खानावळ, हॉटेल, कॅन्टीन किंवा मोठं दुकान यांना माल देत असाल तर कायदा माहीत हवा. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या. १ जुलै २०२० पासून ही नोंदणी सरकारी संकेतस्थळावर आधारच्या आधारे होते आणि ती पूर्ण मोफत आहे, त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार अशा नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्याने लेखी करार असेल तर त्यातल्या मुदतीत, पण कितीही झालं तरी ४५ दिवसांच्या आत पैसे चुकते करायचे असतात. करारच नसेल तर ही मुदत १५ दिवसांची. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज लागतं, आणि त्यासाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. प्रत्यक्षात लहान गावात कुणी लगेच तक्रारीला जात नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण पक्कं बिल, त्यावर उद्यम क्रमांक आणि "४५ दिवसांत देय" ही ओळ छापलेली असली की समोरच्याचा सूर बदलतो. त्यापलीकडचा नियम: आधीचं बिल चुकतं झाल्याशिवाय पुढचा माल नाही. यामुळे जो दुकानदार जाईल, तो गेलेलाच बरा.

वर्षाचं पंचांग समोर टांगा

या धंद्यात मन उडण्याचे महिने ठरलेले आहेत, आणि ठरलेल्या गोष्टीची तयारी करता येते. मोठ्या कागदावर बारा महिने काढून भिंतीवर लावा.

नवी लाल मिरची जानेवारीपासून बाजारात येऊ लागते. नंदुरबारचा मोठा बाजार, गडहिंग्लज भागातली संकेश्वरी, कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातली ब्याडगी, आंध्रातली गुंटूर: तुमचा मसाला कोणत्या मिश्रणावर उभा आहे ते ठरवून खरेदी करा. ब्याडगीने रंग येतो, तिखटपणासाठी दुसरी मिरची लागते. इथे एक धोका सांगते. "भाव वाढणार" या बोलण्यावर सगळं भांडवल मिरचीत घालू नका. पोत्यांमध्ये अडकलेला पैसा रोज डोळ्यासमोर दिसतो आणि धीर खचवतो.

मार्च ते मे वर्षभराच्या बेगमीचे महिने. मसाला, पापड, कुरडया, सांडगे. या काळात प्रेरणेची काळजी नसते, शरीराची असते. नवीन काहीही सुरू करू नका, फक्त झोप आणि पाणी सांभाळा.

मग जून. उन्हं गेली, पापड वाळत नाहीत, आणि श्रावण-चातुर्मासात अनेक घरांत कांदा-लसूण बंद. कांदा-लसूण मसाल्याचा खप इथे पडतो. तो तुमच्या मालाचा दोष नसतो, पण पहिल्या वर्षी हे कुणी सांगितलेलं नसतं आणि बाई खचते. लिज्जतच्या बायकांनाही पहिल्या वर्षी पावसामुळे चार महिने काम बंद ठेवावं लागलं होतं. दुसऱ्या वर्षी त्यांनी खाट आणि स्टोव्ह आणला: पापड खाटेवर पसरायचे आणि खाली स्टोव्ह ठेवायचा. तुमची "खाट आणि स्टोव्ह" कोणती, ते मे महिन्यातच ठरवा. उपवासाची भाजणी, राजगिऱ्याचे पदार्थ, मेतकूट, शेंगदाणा-जवस-कारळाच्या कोरड्या चटण्या, कांदा-लसूण नसलेला गोडा मसाला, गणपतीसाठी मोदकाची पिठी. यातले दोनच निवडा.

पितृपक्षात नवी खरेदी मंद असते, लगेच नवरात्राचे उपवास, मग चकलीची भाजणी आणि अनारशाचं पीठ यांची झुंबड. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई आणि रुखवत. हिवाळ्यात प्रदर्शनं. पुण्यातली भीमथडी जत्रा, मुंबईतलं महालक्ष्मी सरस अशी मोठी, शिवाय तालुक्याची लहान. अधिक महिना येतो त्या वर्षी लग्नं थांबतात, पण जावयाच्या वाणाला तेहतीस अनारसे लागतात, तेव्हा अनारशाच्या पिठाची जाहिरात महिनाभर आधी सुरू करायची. २०२६मध्ये १७ मेपासून अधिक ज्येष्ठ आहे, ऐन मसाल्याच्या गर्दीत. दोन्ही कामं एकाच हाताने होणार नाहीत, कुणाची मदत घ्यायची ते आधी ठरवा.

जुलैच्या रिकाम्या दिवसांसाठी कामांची यादीही आत्ताच करून ठेवा: अन्न परवान्याची कागदपत्रं तपासणं, लेबलावर वजन, किंमत, तयार केल्याचा महिना-वर्ष, पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि अन्न परवान्याचा १४ अंकी एफएसएसएआय क्रमांक नीट आहे का पाहणं, सीलिंग मशीनची दुरुस्ती, वर्षाचे हिशेब. आणि त्यातले आठ दिवस पूर्ण सुट्टीचे. माहेरी जा, पंढरपूरला जा, झोपा काढा. गिऱ्हाइकांना तारखा आधी कळवायच्या. घरून काम करणाऱ्याला सुट्टी कुणी देत नाही, ती घ्यावी लागते.

जिला उत्तर द्यायचं अशी एक व्यक्ती

नोकरीत साहेब असतो, धंद्यात आपणच. हे स्वातंत्र्य सुरुवातीला गोड लागतं आणि पुढे एकटं पाडतं. तुमच्यासारखंच काम करणारी, पण तुमच्याच गल्लीत न विकणारी एक मैत्रीण शोधा. बचत गटातून, प्रदर्शनातल्या शेजारच्या स्टॉलवरून, मिरचीच्या अडत्याकडच्या ओळखीतून. आठवड्यात एकदा ठरलेल्या वेळी वीस मिनिटं फोन. दोघींनी तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची: मागच्या आठवड्यात जे म्हटलं होतं त्यातलं काय झालं, कुठे अडलं, आणि पुढच्या आठवड्यात कोणती एक गोष्ट नक्की करणार. सासरचं गाऱ्हाणं, पोरांची परीक्षा यावर बोलायचंच असेल तर वीस मिनिटं संपल्यावर.

ही व्यक्ती नवरा किंवा सासू असू नये असं माझं मत आहे. त्यांचं प्रेम कमी असतं म्हणून नव्हे. त्यांना उत्तर देताना घरातल्या जुन्या गोष्टी मध्ये येतात, आणि हिशेबाचं बोलणं मानापमानावर जातं.

"लोणचं पण करता का?"

प्रत्येक प्रदर्शनात हा प्रश्न येतो. मग लाडू, मग केक, मग ढोकळ्याचं पीठ. हो म्हणण्याचा मोह फार असतो, कारण नवीन गोष्टीत सुरुवातीचा आनंद परत मिळतो. पण एकेका जिनसासोबत वेगळा कच्चा माल, वेगळी टिकण्याची मुदत, वेगळं लेबल येतं, आणि ज्या मसाल्यावर तुमचं नाव झालं तोच पातळ होतो.

यासाठी वहीच्या शेवटच्या पानावर "नंतर बघू" अशी यादी ठेवा आणि सुचलेलं सगळं तिथे लिहा. ती यादी वर्षातून एकदाच, दिवाळी झाल्यावर उघडायची. त्यातला एकच जिन्नस निवडायचा. दोन किलो करून पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकांना विकायचा. फुकट चव घेणाऱ्यांचं कौतुक यात धरू नये. महिन्याभरात त्यातल्या निम्म्यांनी परत मागितला तर ठेवायचा. आणि एक नवीन आला की एक जुना, ज्याचा किलोचा हिशेब सगळ्यात कच्चा आहे, तो बंद करायचा. लिज्जतमध्येही सुरुवातीला एक स्वस्त आणि एक चांगला असे दोन प्रतींचे पापड होते. छगनबापा म्हणून ओळखले जाणारे समाजसेवक छगनलाल पारेख यांनी त्यांना एकच उत्तम प्रत धरून ठेवायचा आणि चोख हिशेब ठेवायचा सल्ला दिला, आणि बायकांनी तो पाळला.

वाईट दिवस आला की

मसाल्याला जाळी लागली, पापड लाल झाले, कुणी चारचौघांच्या ग्रुपवर तक्रार टाकली. त्या दिवशी मन पार खाली जातं. तेव्हा विचार करत बसायला नको म्हणून क्रम आधीच ठरलेला असू द्या. ग्रुपवर वाद न घालता लगेच त्या व्यक्तीला फोन करायचा. पाकिटावरचा बॅच क्रमांक विचारायचा (तो नसेल तर आजपासून छापायला लागा, कांडपाची तारीख लिहिली तरी पुरे). बदली माल किंवा पैसे त्याच दिवशी द्यायचे. मग त्याच बॅचची आपल्याकडची पाकिटं उघडून पाहायची, दोष दिसला तर ज्यांनी ज्यांनी नेलं त्यांना आपणहून कळवायचं. शेवटी वहीत कारण लिहायचं: खोबऱ्यात ओल राहिली, गरम मसाला पाकिटात भरला, पाउच पातळ होता. कारण सापडलं की रात्री झोप लागते.

थकवा आणि नावड यांतला फरकही ओळखायला शिका. चार दिवस नीट झोप, हाताची जळजळ थांबली, पाठीला आराम मिळाला, आणि मग कढईकडे जावंसं वाटलं, तर तो थकवा होता. पण कित्येक आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कशातच रस नाही, रडू येतं, तर हा धंद्याचा प्रश्न राहत नाही. डॉक्टरांना दाखवा. मानसिक आरोग्यासाठीच्या केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रंदिवस चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

चालू ठेवायचं की नाही, हे कधी ठरवायचं

रोज सकाळी "हे करू का सोडू?" हा विचार करणं सगळ्यात थकवणारं असतं. म्हणून त्याची तारीख ठरवा. वर्षातून दोनदा पुरे: मे संपताना आणि दिवाळीनंतर. ऐन पावसाळ्यात किंवा तक्रार आलेल्या आठवड्यात हा निर्णय घ्यायचा नाही. ठरल्या दिवशी समोर चार गोष्टी ठेवा: सहा महिन्यांत स्वतःला दिलेला एकूण पगार, परत आलेल्या गिऱ्हाइकांची संख्या, अडकलेली उधारी, आणि रोजच्या तीन ओळींची वही. मैत्रिणीलाही बसवा. पगार वाढत असेल आणि गिऱ्हाइकं परत येत असतील तर पुढचे सहा महिने हा प्रश्न काढायचा नाही. दोन्ही खाली जात असतील तर भाव, माल किंवा विकण्याची जागा यांपैकी एक बदलून आणखी एक हंगाम द्या, आणि त्यात किती रक्कम घालायची तो आकडा आधी लिहून ठेवा. त्या आकड्याच्या पुढे एक रुपयाही घालायचा नाही, हे घरातल्या एका माणसाला सांगून ठेवा.